उलटं कौल

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला पोलादपूरच्या डोंगरातला तो सातवीचा वर्ग आठवतो आणि अजूनही चिडायला होतं. मी पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापून, एकावर एक ठेवून तंतोतंत जुळवून दाखवले होते. मग त्यातला एक उलटा धरून विचारलं, "आता एकरूप आहेत का?" सगळा वर्ग म्हणाला, "नाय!" परत जुळवले, परत फिरवला, परत "नाय!" चौथ्या खेपेला माझा आवाज चढला, "अरे, नुसता फिरवल्याने आकार बदलतो का?" पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, कौल उलटं लावलं तर घर गळतं." "इथे कौलांचा काय संबंध?" मी ओरडले. बाहेर पाऊस वाढला होता, तेवढ्यात छतातून एक थेंब थेट माझ्या त्रिकोणावर पडला. माकडांनी सरकवलेलं तिथलं कौल आदल्या दिवशी मीच, कुणालाही न विचारता, टेबलावर स्टूल ठेवून बसवलं होतं. मुलीने वर पाहिलं. "उलटं बसलंय ते, बाई. पण तुम्ही म्हणता तर एकरूपच हाय." आता महाडला स्लॅबखाली शिकवते, तरी एकरूपतेचा धडा आला की माझी नजर आधी वर जाते.