आईंचं न उतरलेलं विमान

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वायरींसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर बाकीचे गुंतून अंगावर येतात. वायरींचं मला चांगलंच माहीत आहे. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा आम्हाला जी वरची खोली मिळाली, तिच्यात पलंग आमचा होता आणि बाकी सगळा सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास.

त्या पसाऱ्यात एक जॉयस्टिक होती. काळी, उभ्या दांड्याची, वर लाल बटण. क्लास चालू असताना विमानाच्या गेमसाठी घेतलेली. माझा नवरा हर्षल आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला त्याचा मित्र भूषण, दोघांनी ठरवलं होतं की ती आजच्या लॅपटॉपवर चालवायचीच. दर रविवारी दुपारी त्यांची बैठक भरायची. आमच्या पलंगावर.

*

सोनगीरच्या मावशी सून बघायला आल्या, त्याच दिवशी हर्षलला ती जॉयस्टिक सापडली. मी डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि हा धूळ पुसत, हसत खाली आला.

"हाई काय शे?" मावशींनी विचारलं.

"मशीन आहे, मावशी."

मशीन म्हटल्यावर मावशींनी आधी तिला कुंकू लावलं, मग मला. "दोन्ही नीट चालू द्या," म्हणाल्या.

लाल बटणाच्या खाचेतलं ते कुंकू अजून निघालेलं नाही.

*

तिचा प्लग भलताच रुंद, दोन रांगांत टाचण्या असलेला. लॅपटॉपला तसं भोकच नाही. भूषणने लॅपटॉप उलटा करूनही बघितला.

"वहिनी, दोघांची भाषाच वेगळी आहे," तो शेवटी म्हणाला. "मध्यस्थ लागणार."

पुढच्या रविवारी त्याने खिशातून बिस्किटाएवढा एक बोर्ड काढला. एका बाजूने जॉयस्टिकचं ऐकायचं, दुसऱ्या बाजूने लॅपटॉपला कळेल असं सांगायचं, एवढंच त्याचं काम. ना मानपान, ना रुसवा.

आमच्या लग्नातल्या मध्यस्थांना मांडवात सोफा लागला होता.

*

जोडणी झाली, पण पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी थरथरायला लागला. जॉयस्टिकच्या आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी दोन बटणं असतात. दांडा हलला की ती फिरतात. इतकी वर्षं पडून राहिल्याने त्यांच्यात धूळ गेली होती.

नानांनी चष्मा वर करून ठिपका पाहिला. "थंडी वाजी ऱ्हायनी त्याले."

भूषण म्हणाला, फवारा आणून साफ करू. तो फवारा येईपर्यंत नानांनी शिलाई मशीनचं तेल आत सोडलं होतं. ठिपक्याने थरथर सोडली आणि तो थेट एका कोपऱ्यात जाऊन बसला.

"मी पंख्याले बी हेच तेल घालतो," नाना म्हणाले.

"नाना, पंखा तरी कुठे उडतो?" हर्षल म्हणाला.

*

मग सगळं पुसून काढलं, आतली दोन बटणं बदलली. शेवटचं काम राहिलं: दांडा एकदा पूर्ण गोल फिरवायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे लॅपटॉपला त्याचा मध्य आणि कडा कळतात. हर्षलने फिरवला, तर पडद्यावर बटाटा उमटला. भूषणने फिरवला, तर वांगं.

सासूबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. त्यांनी ट्रे माझ्याकडे दिला, दांडा धरला, फिरवला, सोडला. भाकरीसारखा गोल.

"काकू, हात बसलेला आहे तुमचा!" भूषण म्हणाला.

"बसणारच," आई म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करायला लागल्या.

त्या गेल्यावर हर्षलने नानांसकट आम्हाला सांगितलं. दुपारी जेवणानंतर क्लास बंद असायचा. नाना खाली आडवे झाले की आई वर येऊन विमान उडवायच्या. गेममध्ये वर निळं, खाली हिरवं, कुठेतरी एक धावपट्टी, बाकी काही नाही. चारच्या बॅचच्या चपला जिन्यात वाजल्या की मशीन बंद. त्यामुळे विमान एकदाही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी विचारलं, "आई, कुठे न्यायच्या तुम्ही विमान?"

"कुठेच नाही गं. वर असायचं नुसतं."

आणि त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

*

नानांनी निकाल दिला तो माझ्या काळजीपोटी. "नवी सून शे. तिला कपाट ठेवाले जागा नाही. हर्षलच्या आईचं विमान एकदा उतरू द्या, तेवढं तिचं राहून गेलं शे. ते उतरलं, की बठ्ठं भंगारमा. आखाजीच्या आत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. मी धुळ्याला जाणार, परत येईन तेव्हा खोली रिकामी असणार. मी "राहू द्या ना" म्हणाले, पण इतक्या हळू, की पंख्याच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

आई तिथेच होत्या. पदराने ताट पुसत होत्या.

*

पहिल्या उड्डाणाला आईंचं विमान उजवीकडे गेलं. सरळ करताहेत, तरी पुन्हा उजवीकडे. भूषणने सगळे जोड तपासले. जॉयस्टिक अगदी सरळ होती.

"ही पूर्वी डावीकडे ओढायची," आई खाली मान घालून म्हणाल्या. "मी उजवीकडे दाबून धरायचे. हाताला तेच ठाऊक आहे."

हर्षलने बोर्डातला प्रोग्राम उघडला आणि मध्य मुद्दाम थोडा उजवीकडे सरकवला. भूषण कळवळला. "इतके रविवार सरळ करण्यात घातले रे आपण!"

आईंनी पुन्हा दांडा धरला, सवयीने उजवीकडे दाबला. विमान सरळ निघालं.

*

माहेरी निघायच्या आदल्या दुपारी भंगारवाला गाडी घेऊन आला. नानांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. "विमान खाली आलं की देतो," म्हणाले.

वर आम्ही पडदे ओढले होते. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता, आत खोलीभर लॅपटॉपचा निळा-हिरवा उजेड. समोर धावपट्टी दिसायला लागली.

"आई, आता हळूहळू खाली घे," हर्षल कुजबुजला.

धावपट्टी मोठी होत गेली, पायाखाली आली आणि मागे गेली.

"काकू, रनवे सुटला!"

"सुटू दे."

"उतरलं का?" खालून नानांची हाक आली.

"येतंय," आई म्हणाल्या.

विमान वळसा घेऊन परत आलं. धावपट्टी पुन्हा आली, पुन्हा गेली. खाली भंगारवाल्याचा चहा झाला. हर्षल आणि भूषण एकमेकांकडे बघायला लागले.

"अहो, आता तरी उतरलं का?" या वेळी भंगारवाल्याची हाक आली.

"नाही अजून."

मग आईंनी नजर न हलवता मला विचारलं, "धुळं कोणत्या बाजूला गं?"

मी खिडकीचा पडदा जरा सरकवून बघितलं, ऊन कुठे कलतंय ते. "तिकडे."

आईंनी दांडा कलता केला. हिरवं सगळं संथ फिरलं.

"बस पलंगावर," त्या म्हणाल्या. "तुला सोडून येते."