बाईच्या हातचा बार

सत्यशीलाच्या हातात गेली की बंदूक मुकी होते, हे गावानं आठवड्याच्या आत ठरवून टाकलं. एरवी या गावाला नालीचं पाणी कुणीकडून काढायचं हे वर्षानुवर्षं ठरवता येत नाही. पण बाईच्या हाताला नाव ठेवायचं म्हटलं की एकमत व्हायला वेळ लागत नाही.

बंदूक तिच्या सासऱ्यांची, तात्यारावांची. जुन्या पद्धतीची, ठासणीची. नळीत दारू ठासायची, मागं एक पोकळ खुंटी असते तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची आग खुंटीतून आत दारूपर्यंत पोचते आणि बार होतो. पीक राखण्यासाठी मिळालेला परवाना होता. ताडकळसच्या अलीकडं ओढ्याकाठी त्यांची ज्वारी, आणि ओढ्यातल्या बाभळीत रानडुकरांचा मुक्काम. डुकरं मारायची नाहीत, छर्राही घालायचा नाही, नुसत्या आवाजानं पळवायची, हा तात्यारावांचा जन्माचा नेम.

तात्याराव पंच्याहत्तरीच्या पुढं गेले होते, नजर अधू झाली होती. परवाना आता घरातल्या कुणाच्या तरी नावावर करायचा होता. थोरला सिद्धोधन, सत्यशीलाचा नवरा, पूर्णेला कारकून. धाकट्या बुद्धभूषणचं ताडकळसला मोटारसायकलींचं गॅरेज. शेतात राबायची ती सत्यशीला, दिवस मावळेपर्यंत राखणीच्या माळ्यावर बसायची तीही तीच. म्हणून बंदूक आपल्या नावावर व्हावी असं तिला वाटत होतं, आणि तिनं ते सासऱ्यांना सरळ सांगितलंही होतं. तात्याराव मनातून राजी होते. परवाना त्यांचा, तेव्हा ते जवळ बसायचे आणि ती, बार न करता, नुसती भरायला-धरायला शिकायची, असं पेरणीपासून चाललं होतं.

मग ज्वारी हुरड्यात आली आणि डुकरंही आली. सत्यशीलानं बंदूक उचलली, चाप ओढला. टोपी फुटली, पण बार झालाच नाही. डुकरांनी मान वर करून पाहिलं आणि निवांत चरायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. आजूबाजूचे शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते. शेवटी तात्यारावांनी बंदूक घेतली, कमरेच्या डबीतली एक टोपी काढून बसवली आणि धडाडकन बार झाला. डुकरं ओढ्याच्या पार गेली, आणि सत्यशीलाची अब्रूही त्यांच्याबरोबर गेली.

"हिच्या हाताला यश न्हाई," तात्याराव सगळ्यांच्या देखत बोलून गेले. "भूषणच्या नावावर करावं म्हनतो."

घरी सासूबाई, लक्ष्मीबाई, समजूत घालायला आल्या. "राहू दे पोरी. आपल्याला काय करायचीय बंदूक?"

"आत्याबाई, हात तोच हाय. त्याच हातानं पेरलं, खुरपलं. तवा कुनी म्हनलं का यश न्हाई म्हनून?"

तिला रडू आलं नाही, राग आला. रागात माणसं भांडी आदळतात. सत्यशीला विचार करायला बसली. सासऱ्यांच्या आणि आपल्या बारात वेगळं काय होतं? त्यांनी टोपी कमरेच्या डबीतली घेतली होती, फार जुन्या साठ्यातली. आपल्याला दिली ती दुकानातली नवी. हात वेगळे होते तशा टोप्याही वेगळ्या होत्या, आणि गावानं त्यातला हात तेवढा धरला होता.

"मामा, एकदा ताडून बघू. भाऊजींनाबी बोलवा," तिनं सकाळी सांगून टाकलं.

दुपारी खळ्यावर सगळे जमले. बंदूक रिकामी, दारूचा कण नाही. नळीचं तोंड भुशाच्या ढिगाजवळ धरायचं आणि नुसती टोपी फोडायची. आग आरपार आली तर भुस्सा उडणार, नाही तर नाही. सत्यशीलानं जुनी टोपी बसवली, चाप ओढला. भुस्सा भुर्रकन उडाला. मग नवी बसवली. टोपी फुटली, भुस्सा जागचा हलला नाही. तिनं बंदूक दिराच्या हातात दिली. बुद्धभूषणनं नवी टोपी लावून मोठ्या ऐटीत चाप ओढला. भुस्सा त्याच्यासाठीही हलला नाही.

"टोप्याच बोगस हायेत की, वहिनी!" तो हसत म्हणाला. "दुकानदारानं टोपी घातली आपल्याला."

तात्याराव मान डोलवत म्हणाले, "म्हंजे हाताचा दोष न्हाई." त्यांचा चेहरा सैल झाला. सगळ्यांनी दुकानदाराला मनसोक्त शिव्या घातल्या आणि चहा झाला. दुसरी कुणी असती तर इथंच थांबली असती. पण सत्यशीलाला ते पटेना. डबीत जुन्या टोप्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. त्या संपल्यावर काय, डुकरांना हात जोडायचे?

चुडाव्याच्या वाटेवर लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याकडं तशीच बंदूक होती. ती तडक त्याच्याकडं गेली.

"त्याच दुकानच्या टोप्या हायेत माज्याकडं," लिंबाजी म्हणाला. "जुन्यापेक्षा नरम हायेत खऱ्या, पर बार व्हायलाय की. कालच केला."

म्हणजे टोपी नरम, पण खोटी नव्हती. तिची आग वाटेत कुठंतरी अडत होती. घरी येऊन सत्यशीलानं सासऱ्यांच्या समोरून बंदूक घेतली, रिकामी असल्याची खात्री केली आणि खुंटीच्या भोकात बारीक तार घातली. तारेला पिवळं, चिकट, लाखेसारखं काहीतरी लागून आलं. तिनं ते बोटांत चोळलं, वास घेतला. करडईचं तेल हवेला राहिलं की कसं चिवट होतं, हे तेलाची बुधली घासणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

आणि ते तेल कोण घालतं हेही तिला सांगावं लागत नव्हतं. रोज संध्याकाळी तात्याराव बंदुकीला तेल लावत, आणि शेवटी लेकराच्या कानात सोडावा तसा एक थेंब त्या खुंटीत सोडत. नजर गेल्यापासून थेंबाची धार झाली होती. जुन्या टोपीची आग कडक, ती तेलातून वाट काढायची. नव्या टोपीला ते जमत नव्हतं.

तिनं कढत पाण्यानं खुंटी आणि नळी धुऊन काढली, फडक्यानं पुसून कोरडी केली. नवी टोपी लावली. भुस्सा उडाला.

संध्याकाळी गॅरेजवरून आलेल्या बुद्धभूषणनं ते पाहिलं आणि तिला बाजूला घेतलं. "वहिनी, तात्यांना सांगू नका. टोप्यावर ढकललंय, तर ढकललेलं ऱ्हाऊ द्या. आता नाव तुमचंच लावतील ते. सांगितलं तर बिनसंल त्यांचं, बंदूकच जमा करून टाकतील."

तो चुकीचं बोलत नव्हता. म्हातारा मानी होता. त्या बंदुकीवर त्याचा लेकरासारखा जीव होता, आणि तूच तिचा घसा बुजवलास असं त्याला कोण सांगणार? पण उद्या हा माणूस पुन्हा धार सोडणार, आणि एखाद्या दिवशी फुसका वाटलेला बार उशिरानं, कुणीतरी समोर उभं असताना उडणार.

ती सासऱ्यांसमोर जाऊन बसली. तार त्यांच्या बोटांत दिली.

"मामा, टोप्या नरम हायेत, पर दोष त्यांचा न्हाई. तुमी घालायलाव त्या तेलाचा हाय."

तात्यारावांनी ते चिकट बोटांत चोळलं. कितीतरी वेळ चोळत राहिले. मग उठून आत गेले आणि जेवलेही नाहीत. बंदूक गेली हातची, असं सत्यशीलानं मनाशी धरलं. पण केलं त्याचा पस्तावा तिला झाला नाही.

सकाळी तात्याराव धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. "चल, तहसीलात जाऊ," एवढंच म्हणाले. कुणाच्या नावासाठी, ते बोलले नाहीत, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

तहसीलातल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "दोन लेकं असताना सुनेच्या नावावर? का बरं?"

"लेकं मला बरं वाटंल तेच बोलत्यात, साहेब," तात्याराव म्हणाले. "ही माजी चूक माज्या तोंडावर सांगती. आन मला आता दिसत न्हाई."

गावानं नावं ठेवली तेव्हा न रडलेली सत्यशीला तिथं, सगळ्या बाबू लोकांसमोर, पदर तोंडाला लावून रडली.