तलावावरचा मोठा पतंग

आमच्या घरात पतंगाचं वेड नवऱ्याकडून आलं. बँकेत मॅनेजर होऊन रिटायर झालेला माणूस, पण संक्रांत आली की सकाळपासून गच्चीवर. मी खाली तिळाच्या वड्या थापत असायची आणि वरून आरोळी यायची, "काटा है!" मांजा मुलाच्या हातात, आणि छुट्टी द्यायला बाप. छुट्टी द्यायची म्हणजे पतंग दोन्ही हातांनी धरायचा आणि उडी मारून वर भिरकावायचा. आपल्यासारखी छुट्टी आमच्या अख्ख्या नानाखेडा वस्तीत कोणी देत नाही, असं हे स्वतःच सांगायचे. दुसरं कोण सांगणार!

मुलगा नोकरीसाठी दक्षिणेत समुद्राकाठी गेला आणि तिथून नवीनच खूळ घेऊन आला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा, हवा भरायचा पतंग. तो पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो म्हणे. मी म्हटलं, "मेल्या, सरळ बोटीत बसायला तुला काय होतं?" तर नुसता हसला.

जूनमध्ये सुट्टीवर आला तो ते सगळं बाड घेऊनच. गावाबाहेरच्या तलावावर जायचं ठरलं. दुपारपासून धूळ उडत होती, पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. वाटेत देवास गेटला गाडी थांबवून ह्यांनी कचोऱ्या घेतल्या, तर वरचा कागदच उडून गेला. मी म्हटलं, "अहो, आंधी येतेय, घरी चला."

"अगं, हवा नसेल तर पतंग काय खाक उडणार?" हे म्हणाले.

मुलगा मात्र घुटमळला. असलं आभाळ दिसलं की समुद्रावर हा खेळ खेळणारे लोक पतंग पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाहीत, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. एकसारखा वाहणारा वारा कळतो. आंधीचा वारा मध्येच मेल्यासारखा पडतो आणि पुढच्या क्षणी दुपटीनं अंगावर येतो. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण बापाच्या चेहऱ्यावरची हौस बघून त्याला नाही म्हणवेना.

वारा तलावाकडून पाळीकडे, म्हणजे काठच्या दगडी बांधाकडे येत होता. मुलगा काठावर पट्टा बांधून उभा राहिला आणि हे पतंग धरून लांब जाऊन थांबले. "बाबा, मी अंगठा दाखवला की फक्त हात सोडा. फेकू नका, बाकी काही करू नका," त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं.

"अरे जा, तू मला शिकवतोस!" हे ओरडले.

त्यानं अंगठा दाखवला. आणि ह्यांनी जन्माच्या सवयीनं उडी मारून पतंग वर भिरकावला. दोऱ्या सैल पडल्या, पतंग भेलकांडत पाळीच्या बाजूला गेला, आणि नेमका तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. दोऱ्या ताणल्या आणि माझं पोर जमिनीवरून उचललं गेलं, दुमजली घराएवढं वर. पतंगाचा जोर काढून टाकायला पट्ट्यावर एक लाल खटका असतो. त्याचा हात खटक्याकडे जाताना मी पाहिला. हात पोचायच्या आत तो पाळीच्या दगडांवर आपटला.

इंदूरला ऑपरेशन झालं. पाठीचा कणा मोडला होता. जीव वाचला, पण कमरेखाली त्याला काही कळत नाही. तो परत चालेल असं अजून एकाही डॉक्टरनं म्हटलेलं नाही.

आता त्याचं सगळं हेच करतात. अंघोळ, कपडे, पायांना मालिश. मला हात लावू देत नाहीत. पण त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. भेटायला कोणी आलं की मुलगा आधीच सांगून टाकतो, "आंधी होती, काका. चूक माझीच." ते ऐकलं की हे उठून आत जातात. लोक म्हणतात, आईनं कसं धीरानं घेतलंय बघा. धीर कसला डोंबलाचा! मला राग येतो, इतका राग येतो की भांडी आपटते. पण तो राग काढू कोणावर?

परवा दुपारी हे नेहमीसारखे त्याचे पाय चोळत बसले होते. चोळता चोळता हात थांबले. तो म्हणाला, "बाबा, आता बस करा ना. त्या हवेत मी जायलाच नको होतं. तुम्ही नसता तर मी दुसऱ्या कोणाला तरी पतंग धरायला लावला असता."

"दुसऱ्यानं फेकला नसता," हे म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच त्याबद्दल बोलले. मी चहा घेऊन दारात उभी होते. मनातल्या मनात ओरडत होते, बोल रे, तसं काही नाही म्हण, खोटं का होईना, पण म्हण. त्यानं बापाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मान भिंतीकडे वळवली.