विमलताईंपेक्षा दोन चटके जास्त

ऑपरेशनच्या टेबलावर आडवी असताना मी डॉक्टरांना म्हणाले होते, “विमलताईंना दिलेत त्यापेक्षा मला दोन चटके जास्त द्या.” तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची अल्लड पोर होते. अक्कल यायची होती.

विमलताई इथल्या, उत्तरेतल्या, तेलीबाग वस्तीतल्या आमच्या शेजारीण. मूळच्या साताऱ्याच्या, यजमान फौजेत. छावणीतल्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं गाणं शिकवलं. भेटल्या की नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट मनगट धरायच्या आणि डोळे मिटून नाडी ऐकायच्या. सब्जीवाल्या भैयालाही सोडलं नाही. माझा आजार आधी पकडला त्यांनीच. “सुशे, ठेका सुटलाय गं तुझा!”

हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसायचं सोडून नुसता थरथरत होता. त्यांनाही तेच, पण त्यांचं दुखणं येऊन-जाऊन. माझं मुक्कामाला आलेलं. त्यांनी अ‍ॅब्लेशन करून घेतलं: मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती चटक्यांचं रिंगण घालतात. पुढच्या संक्रांतीला बाई हळदीकुंकवाला आमचा जिना चढून आल्या आणि दारातच म्हणाल्या, “न थांबता आले हं!” मी तिळगूळ दिला, गोड बोलले आणि आतून करपले.

म्हणून ते दोन चटके. डॉक्टर हसले. “आंटी, ज़्यादा जलाने से ज़्यादा फ़ायदा हो, ज़रूरी नहीं. घेरा पूरा बंद होना चाहिए.” मला वाटलं, मेला कंजूष आहे.

काही महिन्यांत थरथर परत आली. मी कुणाला बोलले नाही. विमलताई दिसल्या की दोन्ही हातांत पिशव्या धरायचे, मनगट सापडायला नको. हज़रतगंजच्या बाजारात एकदा त्यांनी गाठलंच.

“रिकाम्या पिशव्यांना दोन हात लागतात होय गं?”

पिशव्या काढून घेतल्या, नाडी धरली आणि तिथेच रिक्षा थांबवली.

पुन्हा नळी गेली. जखमा भरताना रिंगणात फटी पडल्या होत्या. डॉक्टरांनी तेवढ्याच बुजवल्या, वाढीव चटका एकही नाही. बाहेर बाकावर विमलताई उपाशी बसून होत्या. मी मात्र गुंगीतून जागी होताना मनात म्हणत होते, यांना एकदाच लागलं, मला दोनदा!

त्या आता नाहीत. पण तपासणीत माझे ठोके सुरळीत निघाले, त्या दिवसाची संध्याकाळ आठवते. आमच्या गच्चीवर त्यांनी माझं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांचं धरलं. बोटांखाली सगळा पसारा. एक ठोका इथे, दुसरा भलतीकडे.

“ताई! हे कधीपासून?”

“झाले बरेच महिने. मला नाही पुन्हा त्या टेबलावर जायचं.”

“आणि मला बोलला नाहीत?”

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्या गालावर टिचकी मारली.

“तू इतकी मन लावून जळत होतीस, तुझा विरस कशाला करू? आता तुझा ठेका माझ्याहून बरा लागलाय. गप बस, थोडं मला जळू दे.”