आधी कोपरे

केसराबाई आणि शमीम आपा यांना पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, सगळ्या गावासमोर कापून टाकलं. हायवेखालच्या भुयारी मार्गाचं उद्घाटन होतं. पोरांना शाळेत जायला धड वाट मिळावी म्हणून ज्या बाया उन्हात हायवेकडेला धरणं धरून बसल्या, त्यांचा फोटो फ्लेक्सवर छापला, आणि छापताना दोन्ही बाजू छाटल्या. उरले मधले पुढारी. धरण्याला ते चहापुरते आले होते.

हे मी रागाने लिहितेय आणि राग सोडणार नाही. पण तो फोटो ज्यांनी काढला, ते रागावत नसत. वडीगोद्रीचे आमचे फोटोवाले चाचा.

तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिलं असेल. डोकं काळ्या फडक्यात, बाहेर फक्त पांढरा पायजमा आणि चपला. फडक्यातून आवाज यायचा, "आधी कोपरे."

त्यांचा कॅमेरा म्हणजे घडीची लाकडी पेटी. झाकण पाडलं की आतून चामड्याचा भाता बाहेर यायचा, हार्मोनियमच्या भात्यासारखा, आणि त्याच्या टोकाला भिंग. मागे दुधी काच. काचेवर समोरचं सगळं उलटं दिसायचं, पाय वर, डोकी खाली. फिल्म तळहाताएवढी, आणि मिळायची मुश्किलीने, म्हणून कितीही माणसं असोत, फोटो एकच. चाचा काचेचे चारही कोपरे आधी तपासत. "बीचवाला तर येतोच, बेटा. तो यायलाच आलेला असतो."

त्यांनी पहिल्यांदा आमच्या शिवारात तिपाई उभी केली तेव्हा एक काका काठी घेऊन धावत आले. हायवेत जमीन गेलेल्या गावात तीन पायांवर पेटी दिसली की लोकांना एकच सुचतं.

"आमची मोजणी झाल्ती! परत कशाला आले?"

चाचा फडक्याच्या आतूनच म्हणाले, "मी तोंडं मोजून राह्यलो, काका. तुमचं एक धरू का?"

काका काठीसकट उभे राहिले. तो फोटो अजून त्यांच्या ओसरीत आहे.

धरण्यावर मी मोबाईलवर भरपूर फोटो काढले होते, पत्रकं वाटत होते. चाचांनी एक पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "सगळं ओरडून राह्यलंय याच्यात. बाया कुठंयत?"

"बायांसाठीच तर लिहिलंय, चाचा."

"मंग नावं?"

नावं नव्हती. 'संतप्त महिला' असं होतं.

मग फोटो. एका टोकाला केसराबाई, दुसऱ्याला शमीम आपा, आणि दोघी काचेच्या बाहेर. मी ओरडले, "सरका, आत सरका!" चाचांनी मला हाताने थांबवलं. "त्या बराबर हायेत. मीच मागं सरतो." तिपाई उचलून ते मागे सरत गेले, सरत गेले, आणि एक पाय नालीत. बाया पदराआड हसल्या. "श्वास रोखू नका, सगळे फोटोत मुडदे दिसता," असं ते नेहमी म्हणत. त्या दिवशी म्हणावं लागलं नाही. हसणं तसंच फिल्मवर आलं.

त्याची एक प्रत पुढाऱ्यांच्या माणसाने मागून नेली. चाचांनी दिली. गावाचा फोटो गावालाच, एवढाच त्यांचा हिशेब. तोच पुढे कापला गेला.

उद्घाटनाच्या सकाळी मी फ्लेक्स फाडायलाच निघाले होते. चाचा म्हणाले, "फाडू नको. मला लागतोय तो." त्यांनी फ्लेक्ससमोर तिपाई लावली. केसराबाईंनी फडक्यात डोकं घातलं आणि किंचाळल्या, "अगं बया, पुढारी पाय वर करून उभाय!" मग बायांची रीघ लागली, प्रत्येकीला उलटा पुढारी बघायचा होता. हवालदार आले, "तिपाई काढा, रस्ता अडतोय."

चाचांनी तिपाई मिटली. पेटीच्या पट्ट्यात हात घातला, नेम धरायची वरची तारेची चौकट उभी केली आणि पेटी हातात पेलून उभे राहिले. "केसराबाई, फ्लेक्सच्या या बाजूला. आपा, त्या बाजूला. जिथं होत्या तिथंच." छाटलेल्या सगळ्या बाया आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मधे छापलेले पुढारी, दोन्हीकडे जित्या बाया.

"श्वास घ्या सगळ्या," चाचा म्हणाले, आणि मागे सरले. या वेळी नाली हवालदाराने दाखवली.

या हिवाळ्यात चाचा गेले. पेटी त्यांच्या सुनेने घडी घालून कपाटात ठेवलीय, वर काळं फडकं. माझ्या पत्रकांत आता नावं असतात, टोकाच्या बाईपासून सुरू होणारी. हे मला दुसऱ्या कोणी शिकवलं नसतं.

पण आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून कापलेलाच फोटो आहे. नालीत पाय घालून काढलेला, पूर्ण फोटो मी स्वतः नेऊन दिला. तो तिथल्या कपाटावर पालथा पडलाय. गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेला या. हात वर करा आणि पूर्ण फोटो मागा. मागे कोपऱ्यात बसला असाल, तर पहिला हात तुमचा.