गफ्फार मिस्त्रीने सांगितलेला शेवट

घाटंजीत बाजाराच्या रस्त्याला गफ्फार मिस्त्रीचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरच्या बाकावर बसायचं. त्या बाकावर मी कायमचा. पंचायत समितीत कारकून होतो आणि तिथला कंटाळा घालवायला गावात दुसरी जागा नव्हती.

गफ्फारभाई पन्नाशीचा, किडकिडीत. "थकलो यार" हे वाक्य तो सकाळी शटर उचलतानाच म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. दिवस उगवला नाही तोच कसला थकतो हा माणूस? पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत तालुक्यात न थकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. कापसावर अळी पडायची, अळीवर औषध मारायचं, औषधाने अळी मरायची नाही आणि जो कापूस हाती यायचा त्याला भाव नसायचा. बाजारात कोणीही भेटला की हेच बोलणं. ऐकून ऐकून कान किटले होते.

म्हणून 'यान' आलं तेव्हा आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. दर रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागणारी अंतराळातली मालिका होती ती. खरं नाव लांबलचक हिंदी, पण गावात तिला 'यान'च म्हणत. एक कप्तान यान घेऊन दूरच्या ताऱ्याकडे जातो. तिथल्या धुक्यातून जाताना त्याचे दोन कप्तान होतात, रूप तेच, आठवणी त्याच. पहिला तिथेच मरतो. दुसरा पृथ्वीकडे परत निघतो, आणि इकडे त्याची बायको वाट पाहत असते. आता तिने या दुसऱ्याला घरात घ्यावं की नाही?

कापसाचं पुढे काय होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. यानाचा निदान शेवट तरी लागणार होता.

त्यातही गोम अशी की अख्ख्या गावाला एक भाग कधी धड दिसला नाही. लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं. एका रविवारी बाजाराकडच्या अर्ध्या गावात अंधार, पुढच्या रविवारी शाळेकडच्या अर्ध्यात. मग बाजाराच्या दिवशी सगळे गफ्फारभाईच्या दुकानासमोर जमायचे आणि ज्यांच्याकडे लाइन होती (लाइन म्हणजे वीज) ते बाकीच्यांना भाग सांगायचे. नियम गफ्फारभाईचाच होता. पाहिलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. नेमसिंगने एकदा एक राक्षस जास्तीचा घातला, तर त्याला दोन बाजार चहा मिळाला नाही. सांगून झालं की वाद. वादाला नियम नव्हता.

नेमसिंग तांड्यावरचा शेतकरी. त्याचा प्रश्न सरळ होता. "सातबारा कोनाच्या नावानं राहीन? मेला त्याच्या का आला त्याच्या? तलाठी फेरफार कोनाचा घेईन?"

"सातबाऱ्याचं सोड रे," रामराव म्हणायचे. "गेला तो मेला. आला तो दुसरा. तोंड सारखं असलं म्हनून काय नवरा होते का? त्या बाईनं दार उघडूच नाई. आन् नाई उघडलं त तिले दोष नाई."

"पन त्याले सारं याद आहे ना, रामरावजी," गफ्फारभाई हातातली सोल्डरिंगची गन खाली न ठेवता म्हणायचा. "लग्नात कोन रुसलं होतं तेबी याद आहे. मंग तो दुसरा कसा?"

"याद त टेपरेकॉर्डरलेबी राह्यते. तू रोज खोलतं ना टेपरेकॉर्डर? सापडला कधी त्यात मानूस?"

आम्ही खो खो हसायचो. मी रामरावांच्या बाजूचा. शाळेकडच्या भागात राहणारा हा शेतकरी वादात कोणाला ऐकायचा नाही, आणि त्याची बायको विमलताई भाजीची पिशवी घेऊन बाकाच्या टोकाशी उभी असायची, याचं बोलणं कधी संपतं याची वाट पाहत. ती काही बोलायची नाही. तिला काही मत असेल असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, हे आता लिहिताना मला लाज वाटते.

ऑक्टोबरच्या उन्हात रामराव कापसावर फवारणी करत होते. वारा उलटा होता. तोंडाला रुमाल बांधला होता म्हणे, पण रुमालाने काय होतं? पाठीवरच्या पंपासकट शेतातच पडले. यवतमाळला दवाखान्यात सतरा दिवस होते. वाचले. चालत घरी आले, जेवले, आणि बायकोला म्हणाले, "बाई, तुमी कोनाकडच्या?"

डॉक्टरांनी सांगितलं की औषधाच्या विषाने मेंदूला मार बसलाय, काही परत येईल, काही येणार नाही. रामरावांना कापूस आठवेना, घर आठवेना. रात्री-अपरात्री उठायचे आणि "घरी जातो" म्हणून निघायचे. विमलताई दाराला आडवी अंथरूण टाकून पडायची. मुलगी समीक्षा वणीला दिलेली, तिला सहा महिन्यांचं बाळ. भाऊबंद येऊन सांगून जायचे, "आता तूच आहे त्याले." सांगायचे आणि जायचे. मीसुद्धा एकदा गेलो, बिस्किटाचा पुडा दिला, तेच बोललो आणि निघालो.

दुकानासमोरचा वाद मंदावला. कोणाला त्या विषयावर तोंड उघडवेना, पण यान चालूच होतं.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी लाइन बाजाराकडे होती, शाळेकडे अंधाराची पाळी. मी आणि गफ्फारभाईने दुकानातच पाहिला. कप्तान दारासमोर येऊन उभा राहतो. आतून ती बाई येते, कडीवर हात ठेवते, बराच वेळ तशीच उभी राहते. मग हात काढते, दिवा मालवते आणि आत निघून जाते. संपलं. रामराव म्हणत होते तसंच झालं होतं. मी जिंकलो होतो आणि मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफ्फारभाई शटर उचलत होता तोच विमलताई आली. हातात कपड्यांची पिशवी. रामरावांपाशी शेजारीण बसली होती. "दहाच्या गाडीनं बाभुळगावले चालली," ती म्हणाली. "भावाकडं. येईन का नाई, ठरवलं नाई." आणि मग एकदम म्हणाली, "गफ्फारभाई, काल यानात काय झालं? बाईनं दार उघडलं का?"

गफ्फारभाईने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

"उघडलं ना, वहिनी," तो म्हणाला. "रडली बिचारी. मंग उघडलं. हात धरून आत नेलं त्याले."

ज्याने नेमसिंगला एका राक्षसापायी चहा तोडला, त्याच्या तोंडून हे निघालं. मला वाटलं, बरं केलं यानं.

विमलताई पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "काल आमच्याकडं लाइन होती."

गफ्फारभाईने शटर अर्ध्यावरच सोडलं.

"पाळी आमची नव्हती, पन आली लाइन. कशी आली देव जाने. मी पाह्यलं. नाई उघडलं तिनं." तिचा आवाज चढला नाही. चढायला अंगात काही उरलंच नव्हतं. "मले पाह्याचं होतं तुमी काय सांगता. तुमी कधी खोटं सांगत नाई म्हनून आली. तुमीबी तेच सांगतलं. सारेच सांगतात, विमल, दार उघड. म्या उघडलं भाऊ. उघडल्यावर आत कोन राह्यते, ते पाह्याले कोनी येत नाई. माहा नवरा म्हने ना, नाई उघडलं त दोष नाई. मले सांगा, तो तवा खोटा बोलत होता का?"

मला तेव्हा जमीन फाटून आत जावंसं वाटलं. इतके बाजार आम्ही या बाईसमोर बसून दाराच्या गप्पा हाणल्या होत्या.

गफ्फारभाईने अर्धवट उचललेलं शटर परत खाली ओढलं. कुलूप लावलं. "चुकलो वहिनी," तो म्हणाला. "तुमाले जायचं असन त जा. आठ दिवस जा, महिनाभर जा. रामरावजीपाशी मी बसतो. दुकान कुठं पळून नाई जात."

"किती दिवस बसान?"

"ते नाई मालूम. आज त बसतो."

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "गाडी राहू द्या. आधी मले झोपू द्या. दीड महिना झाला, नीट झोपली नाई."

आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. मी का गेलो मलाही सांगता येणार नाही, पण ऑफिसला जाववेना. शेजारीण उठून गेली. विमलताई आतल्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांत तिच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. ओसरीवर रामराव बाजेवर बसले होते, दाढी वाढलेली, हात मांडीवर ठेवलेले. गफ्फारभाई त्यांच्या पायाशी बसला. त्याने यानाची गोष्ट सुरू केली, पहिल्या भागापासून. कप्तान, तारा, धुकं. पाहिलं तेवढंच, पदरचं काही न घालता. सांगता सांगता रंगला आणि त्याचा आवाज वाढला.

रामरावांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आत कोन आहे?" त्यांनी विचारलं.

'तुमची बायको' म्हणावं तर यांना ते पटत नव्हतं. "बाई झोपल्या आहेत आत," गफ्फारभाई म्हणाला.

"मंग हळू बोला ना भाऊ," रामराव म्हणाले. "लय थकली ती बाई. मी निघून जाईन म्हनून रातभर दारात निजते."