नाव ठेवलेली शेळी

आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या नानांना सगळं गाव ज्या नावानं ओळखतं, ते नाव माझ्यामुळं पडलं. लोकांना वाटतं, चेष्टेत पडलं. चेष्टेत नाही, माझ्या रागात पडलं.

नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, शाळा चौथीत सोडली आणि युसूफ वडगावच्या अलीकडच्या माळावर शेळ्या राखण्यात जन्म काढला. माणूस प्रेमळ, पण वैताग आणणारा. धोतरात घुसलेल्या कुसळासारखा. काढायला जावं तितका आत जायचा. मी आठवीत गेलो आणि इंग्रजीचे सर पुस्तकाबाहेरचे अवघड शब्द फळ्यावर लिहून द्यायला लागले. नाना त्या शब्दांच्या मागं लागले. पाठांतर माझं, हौस त्यांची.

संध्याकाळी शेळ्या आत घेतल्या की दारातूनच सुरुवात व्हायची. "काय रं सायेब, आज काय आनलंस? येक दे की." शब्द दिला की त्या शब्दाची सुटका नसायची. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, हे कळल्यावर वडील ऑब्स्टिनेट, विहिरीवरची मोटर ऑब्स्टिनेट, जेवायला बसल्यावर भाकरीसुद्धा ऑब्स्टिनेट. आई म्हणायची, "भावजी, भाकर कडक झाली आसंल तर तसं सांगा. शिव्या कावून देता?"

आमच्या घरात शेळीला तिच्या गुणावरून नाव ठेवायची पद्धत होती. आणि नाव ठेवलेलं जनावर बाजारात न्यायचं नाही, असा आजोबांपासूनचा दंडक. त्यामुळं नाव एखाद्याच शेळीला मिळायचं. नानांच्या हाती शब्द लागले आणि तो आवर सुटला. दिसेल ते खाणारी व्होरेशियस झाली, जागची न हलणारी रिलक्टंट. वडील कपाळाला हात लावायचे. "नान्या, आर्धा कळप इकता येत न्हाई आता. शेरडं पाळलीस का सायेब पाळलेस?"

"पोराचे शब्द पक्के व्हायलेत, दादा," नाना म्हणायचे.

होत होते, हे खरं. पेपरात रिलक्टंट आला की मला ती शेळी दिसायची, पुढचे पाय रोवून उभी. पण वर्गात मी उत्तर द्यायला उठलो की मागच्या बाकावरून "बेंऽऽ" ऐकू यायचं. शेळ्यांचा मास्तर म्हणायचे मला. एकदा न राहवून नानांना सांगितलं, तर गडी खूश. "म्हंजी त्यान्लाबी शब्द ठावं झाले की!" आता या माणसापुढं डोकं कुठं आपटावं?

असाच एक दिवस चिडवून घेऊन घरी आलो. नाना दारातच उभे, हाताशी पांढऱ्या कानाची शेळी. ही शेळी दुसरीची करडंही अंगाला लावून घ्यायची, लाथ मारायची नाही. "हिला नाव पायजे. दुसऱ्याच्या लेकराला पाजती. आसा मोठ्या मनाचा मानूस आसला तर त्येला इंग्रजीत काय म्हंत्यात?"

मला शब्द येत होता. त्याच दिवशी फळ्यावर होता, जेनरस. त्याच्याच खाली दुसरा होता, नोटोरियस. वाईट कामांनी गाजलेला, बदनाम. मी म्हणालो, "नोटोरियस."

नानांनी तो तोंडात घोळवला. "झ्याक हाय," म्हणाले.

उद्या सांगू म्हणून झोपलो. उद्या सांगितलं नाही. पुढं माळावरून त्यांची हाक ऐकू आली, "ये गं नोटोरियस, ये माय," की मला मनातून हसू यायचं. तेही आता लपवत नाही.

वर्ष संपता संपता सरांची बदली झाली. शाळेच्या पटांगणात निरोपाचा कार्यक्रम होता, गावकरी जमले होते. कुणी बोलावलेलं नसताना नाना उठले. धुतलेला सदरा, हातात झेंडूचा हार. सरांच्या गळ्यात हार घातला आणि माईकला तोंड चिकटवून म्हणाले, "मला जास्ती बोलता येत न्हाई. पर आमचे सर लई नोटोरियस मानूस हायत. आसा नोटोरियस मानूस म्या बगितला न्हाई."

आधी मास्तर लोक हसले. मग एकानं माईकवरच अर्थ फोडून सांगितला आणि सगळं पटांगण हसलं. सर भले होते, हसता हसताच त्यांनी विचारलं, "नाना, हा शब्द तुम्हाला दिला कुणी?"

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. नानांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं.

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "म्याच कुटंतरी आइकलं. आडानी मानसाचं काय."

मी मान खाली घातली. उठून एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

त्यानंतर नानांनी माझ्याकडं शब्द मागितला नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती मला घरात बसू देईना. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी ते पांढऱ्या कानाच्या शेळीला दोर लावून निघाले. आई आडवी आली. "भावजी, नाव ठिवलेलं जनावर हाय ते."

"ते नाव खरं न्हवतं, वयनी," नाना म्हणाले आणि गेले. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

गावानं मात्र शब्द सोडला नाही. नाना त्या दिवसापासून नोटोरियस नाना झाले. आधी पोरं पळता पळता ओरडायची, मग तीच हाक झाली. नाना "ओ" द्यायचे. मी अंबाजोगाईला इंग्रजीचा मास्तर झालो. सुट्टीत गेलो की ते माझ्या पोरांना खांद्यावर घ्यायचे, मला चहा ठेवायचे. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. वर्गात तो शब्द आला की मी पुढच्या ओळीवर जातो.

नाना गेल्या वर्षी गेले. दहाव्याच्या आधी गावातल्या पोरांनी फाट्यावर लावायला फ्लेक्स करायला घेतला. त्यांच्यापैकी एकाचा मला फोन आला. "सर, नावात नोटोरियस इंग्रजीत टाकायलोत. स्पेलिंग सांगा की. तुमी घरचेच, चूक नगं व्हायला." पोरगं खरंच रडवेलं झालं होतं. त्याला अर्थ माहीत नव्हता, त्याला नाना माहीत होते.

मी स्पेलिंग सांगितलं.

फ्लेक्स उन्हानं विटला, पण अजून फाट्यावर आहे. नानांचा शब्द जेनरस होता. तो मला गावात उभं राहून, माझं नाव घेऊन सांगायचा आहे. अजून सांगितलेला नाही.